उंची कशापासून?

श्रोतेहो, राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभे राहिले की उत्तरेला, किंचित ईशान्येकडे, सिंहगड दिसतो. पक्ष्याच्या वाटेने मोजले तर अंतर दहा मैलांच्या आतबाहेर. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री या दहा मैलांवरून एक निरोप आला. सभासदाने आपल्या बखरीत लिहिले आहे की गड हाती येताच मावळ्यांनी पागेची गवती घरे पेटवली आणि तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला. गड फत्ते झाला, हे त्यांना त्या रात्रीच कळले. तानाजी मालुसरे पडले ही बातमी मात्र मागाहून माणसाच्या तोंडूनच यायची होती. आगीने निरोप दिला तो खरा होता, पण अर्धा होता.

इतिहासाचा अध्यापक विमानांवर बोलायला बसला आहे आणि सुरुवात मात्र सिंहगडापासून करतो आहे, असे आपल्याला वाटेल. पण आज मला सांगायचे आहे ते अशाच अर्ध्या निरोपांविषयी. जमिनीवरचा एक माणूस आणि आकाशातला दुसरा यांच्यामध्ये एका आकड्याची देवघेव होते, तो आकडा बरोबर असतो, दोघेही तो ऐकतात, आणि तरीही डोंगर आडवा येतो. असे का व्हावे?

मला या विषयाची गोडी लागली ती एका फजितीमुळे. काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांची सहल काढली होती. एक तुकडी माझ्याबरोबर वेल्ह्याहून तोरण्यावर, दुसरी माझ्या एका सहकाऱ्याबरोबर भोरहून रायरेश्वरावर. भौतिकशास्त्र विभागाकडून दोन वायुभारमापक उसने घेतले होते, ज्यांच्या तबकडीवर दाबाबरोबर उंचीचे फूटही लिहिलेले असतात. किल्ले तर पाहायचेच, पण पोरांनी उंचीही मोजून आणावी असा बेत होता. मी वेल्ह्याला सकाळी नकाशा पाहून गावाची समुद्रसपाटीपासूनची जी उंची, तिच्यावर काटा आणून ठेवला. सहकाऱ्याने भोरला काटा सरळ शून्यावर लावला. म्हणजे त्याचे यंत्र भोरपासून मोजत होते आणि माझे समुद्रापासून. दोन्ही पद्धती बरोबरच. पण दुसऱ्या दिवशी त्याची चिठ्ठी आली तिच्यात फक्त आकडे होते. मी ते फळ्यावर शेजारीशेजारी मांडले. तोरणा चार हजार सहाशेच्या घरात आणि रायरेश्वर अडीच हजार! भोरकडचा एक मुलगा मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "सर, आमचा रायरेश्वर एका रात्रीत खचला का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण कानशिले तापली होती.

त्या सहलीत आणखी एक गंमत झाली. आम्ही दहाच्या सुमारास वेल्ह्याहून निघालो आणि चार-साडेचारला परत त्याच चहाच्या दुकानात येऊन टेकलो. पाहतो तो काटा सकाळपेक्षा शंभर-सव्वाशे फूट जास्त दाखवतो आहे! दुकानदाराला आम्ही काय पाहतोय ते पोरांनी सांगितले. तो म्हणाला, "मास्तर, म्हंजी सकाळधरनं आमचं वेल्हं वर सरकलं म्हणायचं!"

वेल्हे कुठे सरकले नव्हते. हवा सरकली होती. आपल्या डोक्यावर जो हवेचा थर आहे त्याला वजन आहे, आणि जसजसे वर चढावे तसतसा डोक्यावरचा थर कमी होत जातो आणि दाब घटतो. समुद्राजवळच्या पातळीला एक मिलीबार दाब कमी झाला म्हणजे सुमारे अठ्ठावीस फूट चढलो असा हिशेब धरतात. यंत्र उंची मोजतच नाही. ते दाब मोजते आणि त्याचा उंचीत तर्जुमा करून सांगते. आणि दाब काही स्थिर नसतो. आपल्या प्रदेशात तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी नऊ-दहाला चढलेला आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला, जवळजवळ भरती-ओहोटीसारखा. ही हवेची भरती-ओहोटी दख्खनमध्ये बारकाईने टिपून ठेवणारा माणूस म्हणजे कर्नल विल्यम साइक्स. १८२४ पासून काही वर्षे तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी होता आणि आपला मुलूख त्याने पायाखाली घातला होता. १८३५ साली त्याने दख्खनच्या हवामानावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला आणि १८३८ साली साध्या उष्णतामापकाने डोंगराची उंची कशी काढावी यावर दुसरा लेख लिहिला. युक्ती सोपी आहे. उंचावर दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. तोरण्याच्या माथ्यावर पाणी शंभर अंशांऐवजी पंचाण्णवच्या आसपासच उकळू लागते, आणि गडावर मुक्कामाला गेलेल्यांची डाळ का शिजत नाही याचे उत्तरही त्यातच आहे. पातेले, पाणी आणि उष्णतामापक एवढ्यावर डोंगराची उंची!

आता विमानाकडे वळू. विमानातला उंचीमापक म्हणजे आमच्या त्या वायुभारमापकाचाच सुधारलेला भाऊ. जोपर्यंत वैमानिक डोळ्यांनी जमीन पाहून उडत होता तोपर्यंत त्याचे फारसे अडत नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले आणि तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढे बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले, म्हणजे सह्याद्री ओलांडूनच. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा हीच टपालविमाने पुण्याला येरवड्याच्या टेकडीखालच्या मैदानावर उतरत. त्या विमानांत रेडिओ नव्हता. जमिनीवरून कोणी काही सांगत नव्हते, त्यामुळे चुकीचे ऐकण्याचाही प्रश्न नव्हता.

पण तोवर पलीकडे अमेरिकेत गोष्ट पुढे गेली होती. पॉल कोल्समन या जर्मनीत जन्मलेल्या कारागिराने १९२८ साली फारच सूक्ष्म असा उंचीमापक तयार केला. २४ सप्टेंबर १९२९ ला जिमी डूलिटल याने विमानाची बैठक कापडी झाकणाने पूर्ण बंद करून, बाहेरचे काही न पाहता, केवळ यंत्रांकडे पाहत उड्डाण केले आणि विमान उतरवूनही दाखवले. कोल्समनच्या यंत्राला एक छोटी खिडकी असे. त्या खिडकीत त्या वेळचा दाब आकड्यांनी लावायचा, मग काटा योग्य उंची दाखवतो. आजही वैमानिक त्या खिडकीला कोल्समनचेच नाव देतात. आणि श्रोतेहो, आजच्या आपल्या गोष्टीतली सगळी भानगड या बोटभर खिडकीतच आहे. कारण तिथे लावायचा दाब वैमानिकाला विमानातून कळत नाही. तो जमिनीवरच्या माणसाने सांगावा लागतो.

आणि सांगायचा तरी कोणता? आमच्या सहलीसारखेच इथेही दोन रिवाज पडले. धावपट्टीवरचा दाब लावला तर उतरल्यावर काटा शून्य दाखवतो, याला क्यूएफई म्हणतात. समुद्रसपाटीला आणलेला दाब लावला तर काटा समुद्रापासूनची उंची दाखवतो, तो क्यूएनएच. ही अक्षरे तारायंत्राच्या काळची, जुन्या बिनतारी संकेतांतली. ती कुठल्या शब्दांची आद्याक्षरे नव्हेत, त्यामुळे अर्थ पाठच करावा लागतो. खूप उंचावर तर तिसराच रिवाज, सगळ्यांनी डोळे मिटून १०१३.२ मिलीबार, म्हणजे २९.९२ इंच लावायचे, मग खालचा खरा दाब काही का असेना. उंचावर ते सोयीचे आहे, कारण तिथे डोंगर नसतात आणि विमानांनी एकमेकांपासून दूर राहिले की झाले. खाली उतरताना मात्र तो आकडा बदलून खालच्या जागेचा दाब घ्यावा लागतो. जूनजुलैत मुंबईचा दाब १००३-१००४ च्या आसपास घुटमळत असतो. वैमानिक १०१३ बदलायला विसरला, तर त्याचा काटा खऱ्यापेक्षा पावणेतीनशे फूट जास्त उंची दाखवणार. पावसाळी रात्री, ढगांत, पावणेतीनशे फूट!

आपल्या मुलखात हे काय रूप घेईल ते पाहू. हा केवळ कागदावरचा हिशेब आहे, असे काही घडले असे मी म्हणत नाही. लोहगावची धावपट्टी समुद्रापासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. तोरण्याचा माथा ४,६०३ फूट. समजा, खालच्या माणसाने 'साडेतीन हजार फूट' म्हटले ते धावपट्टीपासून, आणि वरच्याने ऐकले ते समुद्रापासून. सांगणाऱ्याच्या मनात विमान तोरण्यावरून आठशे फूट वरून चालले आहे. प्रत्यक्षात ते माथ्याच्या अकराशे फूट खाली आहे. आकडा एकच. दोघांनीही तो नीट ऐकला आहे. कोणी खोटे बोललेले नाही. माझ्या फळ्यावर रायरेश्वर खचला तो असाच.

सह्याद्री हा काही आल्प्स नव्हे. पण तो समुद्राच्या इतका जवळ, इतका एकाएकी उठतो आणि पावसाळ्याचे चार महिने इतका ढगांत गुरफटलेला असतो की मुंबईला येणाऱ्या परक्या वैमानिकाला तो फसवतो. १२ जुलै १९४९ ला डच कंपनीचे एक कॉन्स्टेलेशन विमान मुंबईत उतरण्याच्या प्रयत्नात पावसात घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि आतले सर्व ४५ जण गेले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे अमेरिकन पत्रकार होते. आणि त्यानंतर तेरा वर्षांनी, पुन्हा जुलैतच, आपल्या पुणे जिल्ह्यात त्याहून मोठा अनर्थ झाला.

सिडनीहून रोमला निघालेले इटलीचे अलिटालिया कंपनीचे डीसी-आठ जातीचे जेट. डार्विन, सिंगापूर, बँकॉक करीत ते मुंबईला येत होते. ६ जुलै १९६२ ची रात्र संपून ७ तारीख लागली होती. वैमानिकाने मुंबईच्या नियंत्रण कक्षाकडे खाली येण्याची परवानगी मागितली, ती मिळाली आणि विमान उतरू लागले. मुंबई अजून पन्नास मैलांहून दूर होती. मध्यरात्रीनंतर दहाएक मिनिटांनी जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर, चौकशी अहवालात ज्याचे नाव 'दावंड्याची' असे पडले आहे, त्यावर विमान आदळले. ९४ माणसे होती. एकही वाचले नाही.

इथे उंचीमापकाने दगा दिला नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. काटा खरे बोलत होता. चौकशीचा निष्कर्ष असा की वैमानिकाचा स्वतःच्या जागेचा अंदाज चुकला, आपण मुंबईच्या पुष्कळ जवळ आलो आहोत असे समजून सरळ धावपट्टीवर उतरायच्या हिशेबाने तो वेळेआधी खाली आला. हाताशी असलेल्या साधनांनी त्याने आपली जागा ताडून पाहिली नाही, ठरलेल्या सुरक्षित उंचीच्या खाली तो गेला, आणि या मार्गावरच्या भूभागाची त्याला ओळख नव्हती, असेही अहवालात आहे. अहवालाने दोष वैमानिकाच्या पदरात घातला आणि कागदावर तो बरोबरच आहे.

पण मला राहून राहून वाटते ते असे. मुंबईच्या समुद्रकाठी जी उंची अगदी निर्धास्त, ती जुन्नरच्या माळशेज-नाणेघाटाच्या रांगेत मरणाची. उंचीचा आकडा एकटा कधीच पुरा नसतो. त्याला दोन शेपट्या असतात, 'कशापासून' आणि 'कुठे'. खाली येण्याची परवानगी मागणाऱ्याच्या मनात एक जागा असते, देणाऱ्याच्या मनात दुसरी असू शकते, आणि रेडिओवरून जातो तो फक्त आकडा. परवानगी ऐकणाऱ्याला ते आश्वासन वाटते. वरून सांगितले आहे ना, मग खाली डोंगर नसणारच, असे माणसाचे मन धरून चालते. हुकूम आणि हमी यांतला फरक सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसालासुद्धा पुष्कळदा कळत नाही. मग रात्री परक्या मुलखात उतरणाऱ्या वैमानिकाचे काय!

यानंतर साडेतीन वर्षांनी जे घडले त्यात निरोपाचा हा घोळ इतका स्वच्छ दिसतो की चौकशी करणाऱ्यांनी तो शब्दांत नोंदवून ठेवला. मुंबईहून दिल्ली, बैरुत करीत जिनिव्हाला जाणारे एअर इंडियाचे 'कांचनगंगा' हे बोइंग. तारीख २४ जानेवारी १९६६, सकाळची वेळ. आत ११७ माणसे, त्यांत डॉ. होमी भाभा. विमान १९,००० फुटांवर होते आणि समोर आल्प्सचे सर्वांत उंच शिखर माँ ब्लां, १५,७०० फुटांहून उंच. विमानातल्या दिशादर्शक यंत्रांपैकी एक बिघडलेले होते. वैमानिकाने जिनिव्हाला कळवले की आपण माँ ब्लांच्या बाजूने पुढे जात आहोत. जिनिव्हाच्या रडारवर बसलेल्या माणसाला दिसत होते की तसे नाही, शिखर अजून पुढे आहे. त्याने चूक ओळखली आणि सुधारूनही दिली. त्याच्या बोलण्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर असा: 'माँ ब्लांला तुम्हाला पाच मैल आहेत.'

वैमानिकाने 'ठीक' म्हटले आणि तो उतरत राहिला.

आता हेच वाक्य आपल्याकडे आणून पाहा. रात्रीच्या एस.टी.त झोप लागलेली, काचेबाहेर अंधार, आणि कोणीतरी म्हणते, "भोरला पाच मैल." भोर यायला पाच मैल, की भोर सुटून पाच मैल झाले? ज्याला वाटते आपण अजून वाटेत आहोत त्याला पहिला अर्थ लागेल. ज्याची खात्री आहे की भोर मागे पडले, त्याला दुसराच. ऐकणारा शब्द ऐकत नाही, आपल्या मनात आधी असलेली गोष्ट ऐकतो. 'थांबा, शिखर तुमच्या पुढे आहे, उतरू नका' असे म्हटले असते तर? पण तसे म्हणायची रीत नव्हती. फ्रेंच चौकशी मंडळाने नेमके हेच लिहिले: नियंत्रकाने चूक हेरली, विमानाची खरी जागा ओळखली, वैमानिकाला ती कळवलीही; पण पुरेशा नेमक्या शब्दयोजनेच्या अभावी वैमानिकाचा गैरसमज झाला, शिखराची धार आपण ओलांडली असे समजून तो उतरत राहिला. विमान पंधरा हजार फुटांच्या वर, माथ्याखाली आदळले. याच डोंगरावर ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' ४८ जणांसह गेले होते.

भाभांच्या मृत्यूभोवती नंतर पुष्कळ कथा विणल्या गेल्या, कटाच्या, बाँबच्या. लोकांना एवढा मोठा माणूस एका ढिल्या वाक्याने गेला हे पटत नाही. मी इतिहास शिकवतो, मला ते पटते. लढायासुद्धा अशा हरल्या गेल्या आहेत.

भाषेचा हा खेळ पुढेही चालूच राहिला. १९ फेब्रुवारी १९८९ ला सिंगापूरहून क्वालालंपूरला माल घेऊन येणाऱ्या एका जंबो विमानाला इंग्रजीत सांगण्यात आले, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो'. सांगणाऱ्याला म्हणायचे होते २,४०० फूट, 'दोन चार शून्य शून्य'. ऐकणाऱ्याने 'टू' म्हणजे 'पर्यंत' घेतले आणि तो ४०० फुटांकडे निघाला. त्याने आपल्याला काय समजले ते उलट बोलूनही दाखवले होते, 'ओके, फोर झीरो झीरो'. पण ती चूक कोणी पकडली नाही. टेकडी चारशेहून उंच होती. चौघेही गेले. इंग्रजी ज्यांची मायबोली होती अशा माणसांचे हे झाले, ही त्यातली दुखरी गोष्ट.

मग परभाषेत काय व्हावे? १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे जंबो आणि कझाकस्तानचे इल्यूशिन ही दोन विमाने हवेतच एकमेकांना भिडली. ३४९ माणसे. सौदी विमानाला १४,००० फुटांपर्यंत चढायची परवानगी होती, कझाक विमानाला १५,००० पर्यंतच उतरायची. मध्ये हजार फूट राखलेले होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत निघाले की कझाक विमान १५,००० वर थांबले नाही, ते खाली आले. ती माणसे उंची मीटरमध्ये मोजण्याच्या शिस्तीत वाढलेली आणि इंग्रजी तोकडे. रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा, विमान चालवणारा वेगळा, आणि बोलणाऱ्याच्या समोर स्वतःचा उंचीमापकही नव्हता. त्याला वैमानिकाच्या खांद्यावरून डोकावावे लागे. दिल्लीचे त्या वेळचे रडार विमान कुठे आहे ते दाखवी, किती उंचीवर आहे ते दाखवत नसे. म्हणजे आकडा सांगणाऱ्याला तो पाळला गेला की नाही हे पाहण्याची सोय नव्हती, आणि आकडा ऐकणाऱ्याच्या हातात सुकाणू नव्हते. समोरच्या विमानाची आपोआप चाहूल देणारे यंत्र विमानात असलेच पाहिजे असा दंडक आपल्याकडे यानंतर आला.

या सगळ्यातून वैमानिक आणि नियंत्रक यांच्या बोलण्याला आज एखाद्या पोथीसारखी शिस्त आली आहे. आकडे एकेक अंक सुटा करून म्हणायचे. ऐकणाऱ्याने जे ऐकले ते पुन्हा म्हणून दाखवायचे, नुसते 'ठीक' चालत नाही. दाबाचा आकडा सांगताना इंच की मिलीबार (आता त्याला हेक्टोपास्कल म्हणतात, वस्तू तीच) याचाही गोंधळ होऊ नये; कारण ९९२ मिलीबारला कोणी २९.९२ इंच समजले तर फरक सहाशे फुटांचा पडतो. आमच्या लहानपणी आजोबा पोस्टात तार करायला पाठवीत तेव्हा मजकूर दोनदा वाचून घेत, त्यातलाच हा प्रकार.

पण एवढ्याने भागते का? २३ मे २०२२ ला पॅरिसच्या विमानतळावर पावसात एक एअरबस उतरत होती. खरा दाब होता १००१. नियंत्रकाच्या तोंडून इंग्रजीत गेले १०११. वैमानिकाने नियमाप्रमाणे उलट म्हणून दाखवले, १०११. नियंत्रकाने ऐकले आणि पुढे चालू. रीत पाळली गेली, चूक मात्र तशीच राहिली, कारण आपण बोललो तेच आपल्याला परत ऐकू आले की माणूस निश्चिंत होतो. त्याच नियंत्रकाने त्या सुमारास फ्रेंच वैमानिकांना फ्रेंचमध्ये १००१ असाच बरोबर आकडा दिला होता, पण एअरबसवाल्यांना फ्रेंच कुठून कळावे? दहा मिलीबार म्हणजे २८० फूट. धावपट्टी सुमारे पाऊण मैल पुढे असताना ते विमान जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर आले होते. सहा फूट, म्हणजे माझ्या वर्गाच्या दाराइतकेही नव्हे. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकाने विमान वर घेतले आणि सगळे वाचले. तिथे पुढे तोरणा किंवा दावंड्याचा डोंगर नव्हता, शेते होती.

पुण्याशी या सगळ्याचा एक जुना संबंध आहे तो सांगायचा राहिला. भारताच्या हवामान खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून शिवाजीनगरला आले ते १९२८ साली, त्याच वर्षी जेव्हा कोल्समन आपली ती खिडकी बनवत होता. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण ती दगडी इमारत आणि तिथले काम अजून आहे. विमानतळावरचे हवामान-निरीक्षक दाबाचा जो आकडा नियंत्रकाला देतात, तोच पुढे रेडिओवरून वैमानिकाच्या कानी जातो. जुन्नरच्या त्या पावसाळी मध्यरात्रीही कोणीतरी मुंबईत काच पुसून पाऱ्याची उंची वाचली असेल, आणि त्याचे वाचन बरोबरच असेल.

आमच्या कॉलेजात तो वायुभारमापक अजून आहे. भौतिकशास्त्राच्या कपाटात, वरच्या फळीवर. आता पोरांच्या खिशातला फोन उपग्रहाला विचारून उंची सांगतो, त्यामुळे तो कोणी काढत नाही. मागच्या हिवाळ्यात एक तुकडी रायरेश्वरला निघाली, तेव्हा हौसेने तो मागायला आली. त्यांत एक भोरचीच मुलगी होती. तिने यंत्र हातात घेतले, काचेवर टिचकी मारली, आणि जिन्यातूनच मागे वळून विचारले, "सर, याचं शून्य कुठलं लावलंय?"